या की सोलापूरला

नळावरच्या बायका एकदम गप्प झाल्या की समजावं, आपलाच विषय चालला होता. जगदेवीला ते समजायचं. त्या सकाळी ती घागर घेऊन वळणावर आली, तेव्हा तिच्या भिंतीपलीकडची शेजारीण बनाबाई कुणाला तरी सांगत होती, "जगदेवक्काकडं समुद्रावरनं जी आलीया ना, ती काय तरी घेतल्याबिगर…"

एवढ्यात बनाबाईची नजर तिच्यावर पडली आणि वाक्य तिथंच तुटलं. वर बनाबाईनं आपली घागर बाजूला ओढली आणि म्हणाली, "भर की गं तू आधी."

जगदेवीनं घागर नळाखाली लावली. नंबरासाठी रोज आख्ख्या आळीशी भांडणारी बनाबाई, तिनं आपला नंबर सोडला म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

झालं होतं ते असं. जगदेवीचा नवरा सिद्रामप्पा मिलच्या साचेखात्यात, मागावर, उमेदीची सगळी वर्षं उभा राहिला. कापसाचा कोंडा छातीत बसला आणि धाप लागू लागली. दोन बारीक खोकले, मग एक लांब ओढ, विहिरीतून बादली वर ओढावी तशी. शेवटी काम सुटलं. जगदेवी घरी विड्या वळू लागली. तंबाखूच्या धुळीनं तिचाही घसा खवखवायचा, पण ती पदराचा बोळा तोंडात धरून खोकला गिळायची. एका घरात एक खोकला पुष्कळ झाला, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांनी सांगितलं, समुद्राची हवा द्या. तेव्हा साच्यावरच्या सोबत्यांनी वर्गणी काढून दोघांना कोकणातल्या एका बंगल्यात पाठवायचं ठरवलं. जाहिरातीच्या कागदावर निळं पाणी होतं, वेताच्या खुर्च्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं की राहणं, चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, सगळं एकाच पैशात. सिद्रामप्पानं तो कागद देव्हाऱ्याजवळ लावून ठेवला होता. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच कुठं जात होती, सासुरवाडी आणि दवाखाना सोडून.

तिथं गेल्यावर कळलं, समुद्र होता, पण भिंतीपलीकडं. खोलीच्या खिडकीतून दिसायची ती वाळत घातलेली मासळी. सगळं एकाच पैशात होतं हे खरं, पण त्या सगळ्यात मासेच होते. ही लिंगायत माणसं. जगदेवीनं भाजी मागितली, तर तिच्यातही सोडे निघाले, सुकी कोळंबी. मॅनेजर म्हणाला, चवीपुरतेच तर घातलेत. मग दोघं घरून नेलेल्या कडक भाकरीवर आणि शेंगाच्या चटणीवर आली. पण त्या दमट हवेत कडक भाकरीसुद्धा मऊ पडली, आणि त्या दिवशी मात्र सिद्रामप्पाचा चेहरा पडला. अंथरूण ओलसर, भिंत ओलसर, आणि धाप घरच्यापेक्षा दुप्पट.

त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला एक म्हातारी आली. अनवाणी, डोक्यावरून पदर, हातात काशाची वाटी. वाटीत गरम पेज होती, तांबड्या तांदळाची. तिनं खिडकी लावली, खाटेच्या कडेला बसली आणि आपला तळवा सिद्रामप्पाच्या छातीवर ठेवला.

"पेज घेवा," ती म्हणाली. "बरां वाटतला."

हात लई गार होता, असं सिद्रामप्पा नंतर म्हणाला. पण त्या संध्याकाळी तो भिंतीला न टेकता आडवा झोपला. मग ती रोज येऊ लागली. तिच्या पायांचा आवाज म्हणून कधी झाला नाही. जगदेवीला वाटलं, सगळं एकाच पैशात धरलंय, तशी ही बाईही धरलेली असेल. काम करणाऱ्या माणसाला कोण विचारत बसतं, तुझं नाव काय, गाव काय?

निघायच्या दिवशी तिनं घरून नेलेली निळ्या काठाची सोलापुरी चादर म्हातारीच्या हातात ठेवली. आणि आपल्याकडं निरोप घेताना कोणीही म्हणतं, एसटीत शेजारी बसलेल्यालाही म्हणतं, तसं ती म्हणून गेली, "या की एकदा सोलापूरला. आमच्याकडं या."

म्हातारीनं तिच्याकडं एकटक पाहिलं. इतक्या वर्षांत कुणी आपल्याला बोलावलंच नव्हतं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

"येतलंय," ती म्हणाली.

बाहेर हिशेब मिटवताना जगदेवीनं मॅनेजरला सांगितलं, तुमचं जेवण काही धड नाही, पण ती म्हातारी मात्र गुणाची. मॅनेजर लिहायचा थांबला. त्यांच्याकडं बाईमाणूस कामाला नव्हतं. आणि पेज त्या स्वयंपाकघरात कधी शिजतच नव्हती…

घरी आल्यावर पहिल्याच दिवेलागणीला जगदेवी चुलीपुढं भाकरी थापत होती. तव्यावर ज्वारीचा खमंग वास, आणि त्याच्या खालून हळूच दुसरा वास आला. तांबड्या तांदळाच्या पेजेचा. घरात तसला तांदूळ नव्हता. तिचे हात पिठातच राहिले.

तेवढ्यात खोकला आला. दोन बारीक, मग ती लांब ओढ. सवयीनं ती पाणी घेऊन उठली आणि बाजेकडं वळली. सिद्रामप्पा झोपला होता. ओठ मिटलेले, छाती संथ, जशी लग्नाच्या वर्षी असायची.

पुन्हा खोकला आला. ज्वारीच्या पिंपामागच्या कोपऱ्यातून.

तिथं काही नव्हतं. म्हणजे जमिनीवर एक चादर होती, घडी घातलेली, निळ्या काठाची.

जगदेवी किती वेळ तशीच उभी राहिली कोण जाणे. भाकरी तव्यावर करपली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलं तर हे जागे होतील, आणि जागे झाले की… तो खोकला इकडं परत आला तर? मग तिनं हातातला तांब्या कोपऱ्यात ठेवला. पाहुणं आलं तर पाणी द्यावं लागतं, आणि बोलावलं तर आपणच होतं. सकाळी तांब्या रिकामा होता.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. सिद्रामप्पाचा रंग पालटला. तो मारुतीच्या पारापर्यंत चालत जाऊन येऊ लागला. आणि दिवे लागले की पिंपामागं कुणीतरी त्याचा खोकला खोकत बसायचं. भिंत एक विटेची, पलीकडं बनाबाई. तिनं ओट्यावर बसलेला सिद्रामप्पा पाहिला, आणि त्याच वेळी घरातून त्याचाच खोकला ऐकला. समुद्रावरच्या म्हातारीची गोष्ट तर सिद्रामप्पानंच पारावर सांगितली होती. मग नळावर बोलणं उठणार नाही तर काय?

त्या दिवशी दुपारी बनाबाई स्वतःच आली. पदराखाली लिंबू आणि अंगारा होता.

"जगदेवक्का, रागावू नकोस. पर हे उतरून टाक. मी नळावर तेच म्हनत व्हते. असली बाई काय तरी घेतल्याबिगर जायाची न्हाय. तुझं कुंकू घेऊन जाईल ती."

जगदेवी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळं सांगितलं, पेजेपासून तांब्यापर्यंत. बनाबाईचे डोळे पिंपाकडं लागले ते हलेनात.

"उतरून टाकलं," जगदेवी हळू म्हणाली, "आणि ह्यांचा खोकला ह्यांच्याकडं आला, तर? बने, तू ऐकलायस की तो इतकी वर्षं."

बनाबाई उठली. जाताना लिंबू उंबऱ्यावर विसरली, का ठेवून गेली, कळलं नाही. जगदेवीनं ते दोन दिवस तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी आमटीत पिळलं.

मग एके दिवशी बनाबाई पुन्हा आली, रिकाम्या हातानं. तिचा नवरा ज्ञानबा अजून साचेखात्यातच होता. त्याचा खोकला घोगरा, शेवटी घशात शिट्टी वाजायची. आठवडाभर त्यानं अंथरूण धरलं होतं. बनाबाई उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही.

"ती… आमच्याकडं येईल का गं?"

"तूच बोलव," जगदेवी म्हणाली.

बनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आळीला दमात घेणाऱ्या त्या बाईनं हात जोडले. पिंपाकडं तोंड करून ती म्हणाली, "मावशे… भिंतीपलीकडंच ऱ्हातो आमी. या की."

आणि ती मागं न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानबा भाकरी मागून जेवला. त्या दिवेलागणीला कोपऱ्यात दोन खोकले ऐकू आले, एक लांब ओढीचा, एक शिट्टीचा. जगदेवीनं दोन तांबे ठेवले. बनाबाई रोज गुळाचा खडा आणून द्यायची आणि दारातूनच जायची. नळावर नंबरासाठी पुन्हा भांडू लागली, तेव्हा जगदेवीला बरं वाटलं.

पण कोपऱ्यातला आवाज दमत चालला होता. दोन खोकल्यांच्या मधला श्वास लांबत होता. आणि मग एका संध्याकाळी तिसरा खोकला आला. बारीक, कोरडा, दाबलेला. तोंडात पदराचा बोळा धरून खोकावं तसा.

जगदेवीनं तो कधी कुणाला ऐकू दिला नव्हता. नवऱ्याला नाही, बनाबाईला नाही. तिनं गळ्याला हात लावला. खवखव नव्हती. छाती अशी मोकळी होती की तिला रडूच आलं.

ती पिंपाशी जाऊन बसली.

"आई," ती कुजबुजली, "ह्यांचा घेतलात, ज्ञानबाचा घेतलात. आता बास की. माझा माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमची छाती ती केवढी…"

मग पेजेचा वास आला, अगदी जवळ, आणि तिच्या डोक्यावरचा पदर कुणीतरी सारखा केला. हात गार नव्हता या वेळी. तापलेला होता.

तर बनाबाई नळावर बोलली ते निम्मं खरं ठरलं. त्या बाईनं घेतलं, यात शंका नाही. जाते असं मात्र ती अजून म्हणालेली नाही.

रोज सकाळी निळ्या काठाची चादर घडी घातलेली असायची. परवा उन्हं आत आली, तरी घडी नव्हती. चादर पिंपामागं पसरलेली होती, सपाट, आत कुणी नाही. आणि मध्यभागी ती वर उचलली जात होती, थांबत होती, खाली बसत होती. वर… थांबत… खाली. थांबणं जरा जास्तच लांबत होतं.

जगदेवीनं तांब्या भरून जवळ ठेवला. मग सूप उचललं आणि ती विड्या वळायला बाहेर ओट्यावर जाऊन बसली, आवाज न करता. बनाबाई हाक मारायला तोंड उघडणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.