धाकटीचा हिरवा ढग

आमच्या प्रयोगशाळेत सकाळी साडेआठला पहिलं काम निरोगी रक्ताच्या नळीचं. मशीन नीट चाललंय ना, हे एका धडधाकट माणसाच्या रक्तावर आधी पाहून घ्यायचं आणि मगच रुग्णांच्या नळ्यांना हात लावायचा. अकरा वर्षं तो धडधाकट माणूस मी होते.

काम थोडक्यात सांगते. शरीराची राखण करणाऱ्या काही पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक ठरावीक खूण असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रक्तात मोनोक्लोनल अँटीबॉडी घालायची. ही मोठी एकनिष्ठ. त्या एका खुणेला जाऊन चिकटते, बाकी कशाला शिवत नाही. तिच्या अंगाला हिरवा चमकता रंग जोडलेला असतो. मग एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि खूणवाल्या पेशींचा पडद्यावर उजवीकडे हिरव्या ठिपक्यांचा ढग उमटतो. बाकीच्या डावीकडे, अंधारात. अँटीबॉडी नाही तर ढग नाही. इथे देवाचाही वशिला चालत नाही, असं मी नव्या मुलींना सांगायचे. सांगताना मनात देवाची क्षमाही मागायचे.

माझा ढग बेचाळीस टक्के. कधी एक इकडे, एक तिकडे. आमच्या डॉक्टरबाई पाहुण्यांना म्हणायच्या, "ही आमची ताई. हिच्यावरून आम्ही जग मोजतो."

मग माझी धाकटी बहीण तिथेच नोकरीला लागली. शब्द मीच टाकला होता. एकदा मला पडसं झालं, म्हणून रक्त काढणाऱ्या मामांनी त्या दिवशी तिचं घेतलं. बाई पडद्यासमोर उभ्या होत्या, त्या खुर्ची ओढून बसल्या.

"किती नीटस आहे गं हिचा ढग. कात्रीनं कापून काढल्यासारखा. ताई, तुझा जरा विस्कटलेला असतो, नाही?"

दुसऱ्या दिवसापासून नळी धाकटीची.

"सुटलीस बघ एकदाची सुईच्या जाचातून," धाकटी मला म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिच्या कशातच कधी नसते. लहानपणी तिच्या वेण्या मीच घालायचे, आणि लोक म्हणायचे, काय सुंदर केस आहेत धाकटीचे. माझी माया खोटी नाही. पण पोटात दुखायचं तेही खोटं नव्हतं.

एका मंगळवारी मी तिच्या नळीत अँटीबॉडी घातलीच नाही.

एवढंच केलं. ढग उमटणार नाही, बाई म्हणतील आज हिचं बिनसलंय, ताईला बोलवा. कुणाचं नुकसान नाही. देवाला म्हटलं, एकदाच.

ढग उमटला. चव्वेचाळीस टक्के, कापून काढल्यासारखा.

वाटलं, सवयीनं हातून घातली गेली असेल. बुधवारी बाटली कपाटातून काढलीच नाही. चव्वेचाळीस. गुरुवारी मशीन तीनदा धुतलं, नळीही नवी घेतली. चव्वेचाळीस. रंगाचा कणसुद्धा नसलेलं रक्त पडद्यावर हिरवंगार पेटत होतं.

त्या दुपारी मी माझं रक्त लावलं. अँटीबॉडी मोजून घातली, नळी अर्धा तास अंधारात ठेवली. पडद्यावर सगळे ठिपके डावीकडे. दुप्पट घालून पाहिलं. तसंच. त्याच बाटलीतून रुग्णांच्या नळ्या मात्र व्यवस्थित उमटत होत्या.

धाकटी मागून डोकावली. "ही कुणाची गं? एवढी रिकामी?"

"माझी."

"अँटीबॉडी रुसलीय तुझ्यावर." ती हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "ताई, तुला त्या रोजच्या नळीचं वाईट वाटलंय का? आधी नाही का सांगायचं? मी बाईंना सांगते, मला सुईची भीती वाटते म्हणून. तूच दे परत."

सोमवारी माझी नळी लागली. मामांनी रक्त माझ्या हातातून, माझ्या डोळ्यांदेखत काढलं.

चव्वेचाळीस टक्के. कापून काढल्यासारखा.

"धाकटीचीच ना?" बाईंनी विचारलं.

"माझी."

"बघ बाई. अकरा वर्षांनी सुधारलीस." त्यांनी माझी पाठ थोपटली. किती महिन्यांनी थोपटली होती.

धाकटीची एक नळी मी गुपचूप मागून घेतली. बाई जेवायला गेल्यावर लावली. दोनदा लावली. उजवीकडे एक ठिपकादेखील नव्हता.

त्याचा अर्थ काय, हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. ज्याच्या अंगात या पेशी नाहीत, त्याला साधा खोकलाही पुरेसा असतो.

ती बुधवारपासून खोकायला लागली.

बाईंना सांगायला हवं होतं. पण सांगितलं की दोघींच्या नळ्या शेजारी शेजारी लागणार. मग हा ढग कुणाचा, असं त्या विचारणार. रोज सकाळी म्हणायचे, आज सांगेन. रोज बाई म्हणायच्या, "वा, ताई."

"जरा थकायला होतंय," धाकटी म्हणाली.

"ऋतू बदलतोय," मी म्हटलं.

काल दुसऱ्या एका प्रयोगशाळेची चिठ्ठी आली. त्यांनाही नमुना म्हणून माझं रक्त हवं होतं. दहा नळ्या. मामा रजेवर होते. म्हटलं, आपलीच शीर, आपलंच रक्त, आपण काढू.

दंडाला पट्टा बांधला. पट्ट्याचं टोक दातांत धरलं. सुई टोचली.

दुखलं नाही. अजिबात.

काचेच्या पलीकडे धाकटी माझ्याकडे पाठ करून अहवालाचे कागद लावत बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त उजव्या हातानं डाव्या कोपराची खळगी दाबून धरली.

"हळू गं, ताई," ती म्हणाली.

पहिली नळी भरली. मी दुसरी लावली.