स्टिल्ट पार्किंगचा इतिहास

जानेवारीतला पाऊस दिल्लीत येतो तो थंडीला साथ द्यायला. त्या दुपारी क्षिप्रा द्वारकेतल्या एका सोसायटीच्या इमारतीखाली, गाड्या लावायच्या खांबांमध्ये कुडकुडत उभी होती. अंगात परभणीहून आणलेला स्वेटर – परभणीत तो चांगला जाड वाटायचा! – आणि हातात वही. द्वारकेच्या महाराष्ट्र मित्रमंडळाला पंचवीस वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती, आणि संपादक सुमित्राकाकूंनी तिच्या गळ्यात एक लेख मारला होता. याच सोसायटीतल्या चार मराठी पोरांनी शाळेत असताना एक रॉक बँड काढला होता, त्याचा इतिहास. बँडचं नाव ‘स्टिल्ट पार्किंग’. गॅरेज कुणाकडेच नव्हतं, म्हणून पोरं इथे, या खांबांमध्येच वाजवायची.

एका खांबावर पेन्सिलीने बारीक आकडे लिहिले होते. २.१०, २.१३, २.१५… ती वाकून त्यांचा फोटो काढू लागली.

‘‘मीटरचं रीडिंग नाहीये ते,’’ मागून आवाज आला.

मागे एक तरुण उभा होता. भिजलेले केस, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीतून डोकावणारी मेथी. तिने ओळख सांगितली, बँडबद्दल विचारलं.

‘‘ऐकलंय,’’ तो म्हणाला. ‘‘गौरव गायचा, गिटार वाजवायचा. निधी कीबोर्डवर, उल्हास बेस गिटारवर. चांगली होती पोरं.’’

‘‘आणि ड्रमर?’’

‘‘तो… ठीक होता. खास नाही.’’

तेवढ्यात इमारतीवरून एक विमान अगदी कमी उंचीवरून गेलं. खांब थरथरले, पाऊससुद्धा ऐकू येईना. क्षिप्राने कानांवर हात ठेवले, आणि तिची नजर त्याच्या हेल्मेटवर गेली. त्याची दहाही बोटं त्यावर अशी काही नाचत होती की मेथीची पिशवी कधी खाली पडली ते त्याला कळलंच नाही.

विमान गेलं. बोटं थांबली. तिने मेथी उचलून त्याच्या हातात दिली.

‘‘खास नाही म्हणे!’’ क्षिप्रा हसली. ‘‘ड्रमर मानस ना तुम्ही?’’

तो कानापर्यंत लाल झाला. दिल्लीच्या थंडीत माणूस लाल झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला होता, आणि… तिला तो आवडला. लेखासाठी माहिती मिळाली म्हणून आनंद झालाय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

बँडचा इतिहास दोन चहांत संपला असता, पण तो काही केल्या संपेना. एका शनिवारी मानस कानाच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून यायचा – तो ऑडिओलॉजिस्ट होता, लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचा – आणि थोडं सांगायचा. दुसऱ्या शनिवारी उरलेलं. मधल्या दिवसांत मेसेज. ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही.

‘‘आमच्या सेक्रेटरींनी, हरिदास अंकलनी, पहिल्याच दिवशी वायर खेचली,’’ तो सांगत होता. ‘‘एअर फोर्समधून रिटायर झालेले. म्हणाले, ‘बेटा, जब ऊपर से जहाज़ जाए, तब जितनी मर्ज़ी बजाओ. बाक़ी टाइम मेरे को आवाज़ नहीं चाहिए.’ झालं! विमान डोक्यावर असेल तेवढा वेळ धडाधड, बाकी वेळ कुजबुज.’’

‘‘आणि तुम्ही ऐकलंत?’’

‘‘बिल्कुल! आम्ही गाणीच तशी बनवली. खांबावर वेळा लिहून ठेवल्या होत्या, दर दोन-अडीच मिनिटांनी विमान. मधल्या वेळात गौरव अगदी हळू गायचा. विमान आलं की मी सुरुवात करायची, मग सगळे. मला ते सगळ्यांत आधी ऐकू यायचं ना.’’

‘‘आणि धुकं असलं की? विमानंच नसतील.’’

‘‘मग दिवसभर हळूच,’’ तो हसला. ‘‘आमची सगळ्यात छान गाणी धुक्यातली आहेत.’’

क्षिप्राची लेखणी थांबली. सोळा वर्षांची पोरं, उसन्या गिटारी, कुणाच्या तरी मामाने पाठवलेले जुने ड्रम… आणि ज्या गोंगाटाला अख्खी सोसायटी शिव्या घालत होती, त्याच्यातून यांनी गाणं काढलं होतं. तिला कौतुकाने भरून आलं. हे असं मला कधी सुचलं असतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

‘‘म्हणून दाखव ना एखादं.’’

त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि एका मारुती गाडीच्या आडोशाला उभं राहून अगदी हलक्या आवाजात म्हटलं,

‘जिना चढून ये ना हळू,
आई झोपलीय आत…’

‘‘पुढे?’’

‘‘पुढे… विमान,’’ तो म्हणाला. दोघं इतकी हसली की चौकीदार बघायला आला.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तो तिला कोट घ्यायला सरोजिनी नगरला घेऊन गेला. ‘‘त्या स्वेटरकडे बघून मला थंडी वाजते यार!’’ गर्दीत तो पुढे, ती मागे; वळणावर तो थांबायचा, ती दिसली की पुन्हा चालायला लागायचा. हात मात्र धरला नाही. गर्दी इतकी होती, की धरला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं… क्षिप्रा तर मुळीच नाही.

‘‘बँड बंद का झाला?’’ कोटाची बटणं लावत तिने विचारलं.

‘‘शाळांची स्पर्धा होती. फायनल. मोठं, बंद सभागृह. गौरवने हळूवाल्या दोन ओळी म्हटल्या. मग मी सुरू करायचं… पण मी वाट बघत बसलो.’’

‘‘कसली?’’

‘‘विमानाची.’’

तिने हसू दाबलं. त्याचा चेहरा पाहून ते आपोआप मावळलं.

‘‘दोन वर्षांत एकदाही विमानाशिवाय वाजवलं नव्हतं. हात वर, काठ्या वर, आणि मी कान देऊन बसलोय! गौरव त्याच दोन ओळी म्हणतोय. नऊ वेळा म्हटल्या त्याने. मागे वळून बघायचा, पुन्हा म्हणायचा. शेवटी वेळ संपल्याची घंटा झाली. मी मागच्या दाराने निघून गेलो. अकरा वर्षं झाली. काठ्या हातात घेतल्या नाहीत आणि गौरवशी बोललोही नाही.’’

तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण तीही थांबली.

परतताना मेट्रोत तिने सांगितलं, ‘‘मला नागपूरला नोकरी मिळतेय. संग्रहालयात. शनिवारपर्यंत कळवायचंय.’’

मानसने खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन स्टेशनं गेली.

‘‘अच्छा,’’ तो म्हणाला. ‘‘कॉन्ग्रॅट्स.’’

एवढंच! क्षिप्राला रडू फुटेल असं वाटलं. हा माणूस आपल्यावर प्रेम करतो, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण तो बोलणार कधी? आणि तो बोलेल म्हणून आपण आयुष्य किती दिवस अडवून ठेवायचं? शनिवारी सकाळी तिने नागपूरला ‘येते’ म्हणून कळवून टाकलं, आणि दुपारी डोळे पुसून गौरवला भेटायला गुरुग्रामला गेली. लेख तर पुरा करायचाच होता.

गौरव आता एका मोठ्या कंपनीत होता. कँटीनमध्ये कॉफी घेता घेता तो म्हणाला, ‘‘मानस वाट बघत बसला म्हणून मी चिडलो? नाही यार! तुम्हाला सांगतो, पाचव्यांदा म्हणताना मी घामाघूम झालो होतो. सातव्यांदा समोरची पोरं माझ्याबरोबर कुजबुजायला लागली. मराठीचा गंध नाही त्यांना, पण सगळा हॉल हळू आवाजात गात होता. नवव्यांदा तर… मी तसा पुन्हा कधी गायलो नाही. घंटा झाल्यावर वळून बघितलं, तर ड्रमवर कुणी नाही. राग आला तो निघून गेल्याचा. वाटलं, येईल, फोन करेल.’’

‘‘मग तुम्ही का नाही केलात?’’

गौरव कॉफी ढवळत राहिला. ‘‘वाटलं, आधी तो करेल.’’

संध्याकाळी तिने लेख लिहून काढला. गौरवचे शब्द जसेच्या तसे घातले. शेवटी लिहिलं : ‘दिल्लीत बँड पुष्कळ झाले असतील. आपल्या छतावरच्या आकाशाचं इतकं मनापासून ऐकणारा हा एकच.’ लेख मानसला पाठवला, सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. त्याने वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसात नुसता गोंधळ होता. छापखान्याचा माणूस पानं न्यायला आला होता, सुमित्राकाकू जाहिराती शोधत होत्या, क्षिप्रा फोनवर कुणाला तरी शुभेच्छांचा मजकूर विचारत होती. दार उघडलं आणि मानस आत आला. दाढी केलेली नव्हती, दोन पायांत दोन रंगांचे मोजे.

‘‘सकाळी गौरवला फोन केला,’’ तो दारातूनच म्हणाला. ‘‘मंडळाच्या कार्यक्रमात वाजवतोय आम्ही. चौघं.’’

‘‘अरे वा!’’ काकू म्हणाल्या. ‘‘बस. आधी हे पान…’’

‘‘काकू, एक मिनिट. क्षिप्रा, मला तू आवडतेस. म्हणजे… प्रेम आहे माझं. तू मेथी उचलून दिलीस ना, तेव्हापासून.’’

फोनवरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत होता. छापखान्याच्या माणसाला मराठी येत नव्हतं, तरी त्याने अदबीने पानं खाली ठेवली.

‘‘मी बाहेर जाऊ का रे?’’ काकूंनी विचारलं.

‘‘नको काकू, बसा तुम्ही. सगळे बाहेर जायची वाट बघितली, तर मी परत गप्प बसेन.’’

क्षिप्राने फोन ठेवला. ‘‘मानस, मी कालच नागपूरला हो कळवलंय. एक तारखेला हजर व्हायचंय.’’

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण तो जागचा हलला नाही.

‘‘मग जा ना. बिल्कुल जा. मी थांब म्हणायला नाही आलो, सांगायला आलोय. कान तपासणारा नागपूरलाही लागत असेलच. नाहीच लागला तर रेल्वे आहे. तू फक्त… तुला काय वाटतं ते सांग. आणि नाही म्हणालीस, तरी या वेळी मी मागच्या दाराने जाणार नाही.’’

‘‘या ऑफिसाला मागचं दारच नाहीये,’’ काकू पुटपुटल्या.

क्षिप्रा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. टेबलावरची पानं तिने बाजूला सारली, पुढे झाली आणि अख्ख्या मंडळादेखत त्याचा हात हातात घेतला.

‘‘मलाही,’’ ती म्हणाली. ‘‘केव्हापासून! आता पुन्हा एकदा म्हण. मघाशी मी फोनवर होते.’’

त्याने पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.