हयातीतलं वाटप

"बाबा बिछान्यात नाहीत," असा धाकट्या मुलाचा फोन आला तेव्हा फौजदारबाई सकाळच्या चहाचा पहिला घोट घेत होत्या. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट तोंडाला बरी लागली.

घरात दोघे भाऊ होते आणि कुटुंबाचे वकील. पाठोपाठ बहीण टॅक्सीतून उतरली, ती रडतच.

फौजदारबाईंनी कपाटामागे वाकून पाहिलं. लाल स्टिकर. टेबलाखाली पिवळा. घड्याळाच्या पाठीला हिरवा.

"हे काय?"

"वारसांची पूर्वतयारी," वकील म्हणाले. "लाल थोरल्यांचा, पिवळा धाकट्यांचा, हिरवा ताईंचा. आधी लावेल त्याची वस्तू. मागाहून भांडणं नकोत. फक्त खालून किंवा मागून लावायचा, साहेबांच्या नजरेला पडता कामा नये. शेवटी माणुसकी आहे."

फौजदारबाई सरळ उभ्या राहिल्या.

"काल रात्री बाबा कुठे होते?"

"या खुर्चीत, टीव्ही बघत," धाकटा म्हणाला. "मी झोपायला गेलो तेव्हाही बसलेलेच. दुसऱ्या कुणाला टेकू देत नाहीत."

शिसवी खुर्ची, कोरीव हातांची. बैठकीच्या मधोमध हिरवा स्टिकर. एक सुरकुती नाही.

"आज घरात काही विशेष होतं?"

वकील खाकरले. "साहेब मृत्युपत्र बदलणार होते. घर विकून सगळं स्वतःवरच उडवतो म्हणत होते."

"या वयात!" थोरला कळवळला.

"ताई, तुम्ही इथे आधी कधी आला होतात?"

"रविवारच्या मीटिंगला. मग एकदम आत्ताच, दादाचा फोन आल्यावर."

"मग बाबांना तुम्हीच नेलंत."

"काहीतरीच काय!"

"काल रात्री या जागेवर तुमचे वडील बसले होते. म्हणजे स्टिकर त्यानंतर लागला. रविवारी नव्हे. बाकी सगळे लपवून लावलेत, हा एकटा उघड्यावर. बाबा आता इथे बसायला येत नाहीत हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच लपवायची गरज वाटली नाही."

"माझा स्टिकर कुणीही लावेल!"

"दुसऱ्यासाठी वस्तू राखून ठेवणारं या घरात कोण आहे, ताई? नाव सांगा."

भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. कुणालाच नाव सुचेना.

नळ बंद करावा तसे ताईचे डोळे कोरडे झाले.

"मारलं नाहीये मी! शहराबाहेर शुश्रूषागृहात ठेवलंय. किल्ली होती माझ्याकडे. तपासणीला चला म्हटलं, तर लगेच निघाले. तिथला डॉक्टर भ्रमिष्टपणाचा दाखला देणार होता, मग नवी सही चालली नसती. तुमच्यासाठीच केलं रे सगळं!"

"आणि खुर्ची?" धाकट्याने विचारलं. "तीही आमच्यासाठीच?"

फौजदारबाईंनी शुश्रूषागृहाला फोन लावला. बाबा शुद्धीवर होते. घरी कधी नेणार, एवढंच विचारत होते.

हवालदार ताईला घेऊन गेला.

"बाबांना आणायला माझ्याबरोबर कोण येतंय?"

वकिलांना कोर्ट आठवलं. धाकट्याला फोन आला. थोरला मात्र पाणावल्या डोळ्यांनी पुढे झाला.

"मॅडम, तिने तिथे महिन्याचे पैसे भरले असतील ना? मग महिनाभर राहू देत त्यांना. उगाच फुकट कशाला घालवायचे?"

फौजदारबाई एकट्याच जिना उतरल्या. रस्त्यावर येऊन आधी थुंकल्या, मग बाबांना आणायला निघाल्या.