भेगेवरचा साक्षीदार

"अरे देवा! रंगाऱ्यांनी यावर चुनाच फासला!" लेओकादिया ऊर्फ लेओ ओरडली.

किल्ल्याच्या चौकात ती, फर्मिन आणि धाकटी नुरिया विटांच्या खांबाकडे बघत उभी होती. बाहेरून दणकट बुरूज, आत नाजूक कमानींचा महाल. पाचशे वर्षांपूर्वीच्या सरदाराला दोन्ही हवं होतं! पुढे कुणीतरी एक संगमरवरी खांब विकून टाकला. त्या जागी विटांचा खांब आला आणि तिथेच भेग पडली. ईस्टरला वास्तुतज्ज्ञ बाईंनी भेगेवर प्लास्टरची पट्टी लावली होती. "हा साक्षीदार. हा तुटला, तर खांब हलतोय. लगेच मला कळवा."

सोमवारी मुलांनी तो तुटलेला पाहिला आणि आज त्यावर पांढराशुभ्र चुना! जत्रेआधी गावातली प्रत्येक भिंत रंगवायची, ही रीतच ना!

शनिवारी जत्रेत, याच खांबावर टेकलेल्या वरच्या सज्जात बावीस जणांचा बँड वाजणार होता. त्यात लेओची आई क्लॅरिनेट वाजवणार होती.

"आई, ऐक ना!"

"लेओ, कटकट नको! माझा सूर चुकतोय."

बाईंच्या कचेरीत फोन केला. उत्तर आलं, "पत्र सरपंचांकडूनच यायला हवं." सरपंच डॉन एवारिस्तो दुपारच्या झोपेतून उठले तेच चिडून. "पट्टी तुम्हीच फोडली असणार, कार्ट्यांनो!"

"ऐकतच नाही कुणी!" लेओच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्यांना सही करायला फार आवडते," नुरिया हळूच म्हणाली.

गुरुवारी मुलांनी चुना खरवडून नवी पट्टी लावली. "डॉन एवारिस्तो, जत्रेची आठवण म्हणून सही करा ना!"

सरपंच खुलले! ओल्या प्लास्टरवर खिळ्याने त्यांनी ऐटीत नाव कोरलं. कुणी ते पुसू नये म्हणून चौकाला स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

शुक्रवारी बँड तालमीला आला, तेव्हा सरपंचांनीच कुलूप उघडलं. लेओ जिन्यात आडवी उभी राहिली. "आधी सही बघा!"

सही मधोमध दुभंगली होती. अर्धं नाव इकडे, अर्धं तिकडे!

"कुणी... कुणी केलं हे?" सरपंचांनी विचारलं.

"किल्ली तर तुमच्याच खिशात होती!" फर्मिन म्हणाला.

सरपंचांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी तिथूनच बाईंच्या कचेरीत फोन लावला. संध्याकाळी बाई आल्या आणि सज्जाला लाकडी टेकू लागले. "या तिघांनी बावीस जीव वाचवले," त्या सर्वांसमोर म्हणाल्या. सरपंचांनी मान खाली घालून टाळ्या वाजवल्या.

शनिवारी बँड चर्चसमोरच्या चौकात वाजला. तो संपल्यावर आई लेओशेजारी पायरीवर बसली आणि तिने क्लॅरिनेट बाजूला ठेवलं.

"आता सांग. अगदी पहिल्यापासून. मी ऐकतेय."