बारीक गोळी

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर यात माझे वडील मेले नसते.

ऑक्टोबरची अखेर होती. एन्स नदीच्या खोऱ्यात, आमच्या गावावरच्या डोंगरात, त्या संध्याकाळी बर्फ नुकताच पडून थांबला होता.

माझे वडील एंगेलबर्ट एका बाबतीत फार कडवे होते. जनावर पाहून गोळी. शेळीएवढी हरणं आणि कोल्हे यांना बारीक गोळीची हलकी बंदूक. सांबराएवढ्या लाल हरणाच्या नराला मात्र जडच. बारीक गोळी त्याच्या खांद्याच्या हाडावर फुटते, आत पोचत नाही. जनावर मरत नाही, आणि जगतही नाही. कायद्यानं ते बंदच आहे, पण बाबांना कायद्याची गरज नव्हती.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. जड बंदुकीचा धक्का आता सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"हलकी घेऊन चाललास?" रूपर्टकाकानं, त्यांच्या धाकट्या भावानं, अंगणातच विचारलं. "मोठा नर समोर आला तर काय, गुदगुल्या करणार त्याला?"

"छोट्या हरणासाठी चाललोय."

"मग नर दिसला की टोपी काढ, नमस्कार कर अन् मुकाट्यानं घरी ये."

बाबा हसले.

नर दिसला. कितीतरी हंगाम हुलकावणी देणारा तोच, अगदी जवळ, आडवा उभा.

"मानेत बसेल असं वाटलं," एवढंच ते मला नंतर म्हणाले.

तो ऐन वेळी हलला. गोळी डाव्या खांद्यात बसली. तीन पायांवर तो झाडीत गेला.

सकाळी काकानं आस्टाला आणलं. जखमी जनावराचा माग काढणारी ती कुत्री, नाक जमिनीला लावलं की ओढून नेणारी. बर्फावर रक्त होतं. हाडाची एक चिमुकली कपची होती.

झाडीच्या वरच्या कडेला आस्टा थांबली...

पुढे रक्त दिसत होतं. तरीही ती जाईना. शेपूट पोटाशी घेऊन ती खाली बसली आणि घराच्या दिशेला पाहत राहिली.

काका पुढे गेला. थोड्या अंतरावर रक्त संपलं. पाऊलखुणाही संपल्या. जनावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. घराच्या मागे कुणीतरी चालत होतं.

टक, टक, टक... आणि मग काहीतरी घसटत ओढल्यासारखं.

मी खिडकीतून पाहिलं. बर्फ कोरा होता.

बाबा टेबलाशी बसले होते. सूप गार झालं होतं. त्यांनी बूट घालायला घेतले.

"बाबा, तुमच्या छातीला चढ झेपत नाही. काका जातील."

"गोळी माझी आहे, गेरलिंडे."

"एव्हाना मेलं असेल ते."

"मेलं असतं तर चाललं कशाला असतं?"

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून ते रोज जाऊ लागले. जेवण सुटलं. मी चिडले, रडले, एकदा बूट लपवून ठेवले. "घरात बूट नसले तर मोज्यांवर जाईन," ते म्हणाले, आणि गेले असते. मला ते घरी हवे होते. त्यांना ते जनावर सोडवायचं होतं.

एका सकाळी ते गेले ते जेवायच्या वेळेलाही आले नाहीत.

रात्री नवा बर्फ पडला होता, त्यामुळे त्यांचा माग सोपा होता. काका पुढे, मी मागे. वर, जिथे फक्त पानं झडलेले लार्चचे वृक्ष उभे असतात, तिथे ते एका बुंध्याला टेकून बसले होते. बंदूक मांडीवर. डोळे मिटलेले.

तोंडात काहीतरी हिरवं होतं...

आमच्याकडे शिकारीत जनावर पडलं की त्याच्या तोंडात एक डहाळी आडवी ठेवतात. शेवटचा घास. त्याचा मान म्हणून.

बाबांच्या दातांत सदाहरित स्प्रूसची डहाळी होती. आडवी, दोन्ही बाजूंना सारखी. ताजी, डिंकानं चिकट. आणि स्प्रूसची झाडं तर खूप खाली संपली होती.

"त्यांनीच धरली असेल," मी म्हणाले. "कळ आली म्हणून."

काका बर्फाकडे पाहत होता.

बाबांच्या बुटांचे ठसे एकटेच आले होते. दुसऱ्या माणसाचा एकही ठसा नव्हता. पण समोरून खुरांचे ठसे आले होते. तीन पाय, आणि शेजारी ओढलेली एक रेघ. ते थेट बाबांच्या गुडघ्यांपर्यंत आले होते.

तिथून परत गेले होते...

चार पायांवर. सरळ, स्वच्छ.

काकानं ती डहाळी अलगद काढून खिशात घातली. "डॉक्टरला सांगू नकोस, पोरी."

डॉक्टर हृदय म्हणाले. असेलही. पण शेवटचे कपडे मी चढवले. ऑपरेशन उजव्या खांद्याचं होतं. डाव्या खांद्यावर, हाडाच्या जरा खाली, वाटाण्याएवढा काळानिळा डाग होता. कातडी कुठेही फाटलेली नव्हती.

दफनाला गावातले सगळे शिकारी आले. शिंग वाजलं. मग एकेकानं पुढे होऊन थडग्यात डहाळी टाकली. शिकाऱ्याला असाच निरोप देतात.

काका रिकाम्या हातानं उभा होता.

"काका, तुमची डहाळी?"

"त्याला मिळालाय घास. दोनदा देत नाहीत."

"पण दिला कुणी?"



"रीत तुला ठाऊक आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ज्यानं मारलं, त्यानंच द्यायचा असतो."

माझी पाळी आली होती. मागचे लोक थांबले होते. हातातल्या डहाळीचं काय करावं, ते मला कळेना.

मला अजूनही कळलेलं नाही.