मोगऱ्याच्या आळ्यातली ओल

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाच्या गळी उतरवायला आलेले नाही. पन्नास वर्षं ही कुणाला सांगितली नव्हती. आता सांगते, कारण ज्यांना लाज वाटली असती ती माणसं गेली. मी सोडून.

साल १९७३. मे महिना. सोलापूर.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. जे घडलं ते भर दुपारी, फरशी पोळत असताना घडलं. अंधारात भास झाला असेल, असं कुणी म्हणू नका.

आम्ही लिंगायत. घरात चौघं. अप्पा म्हणजे माझे वडील, ईरप्पा. अव्वा म्हणजे आई, सुंदरम्मा. मी शांतम्मा, तेव्हा दहा वर्षांची. आणि अप्पांची थोरली बहीण, काशम्मा आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तशी ती माहेरी आली, ती कायमचीच.

अव्वाचं तिच्याशी कधी पटलं नाही. "परड्यातलं वांझ झाड," असं अव्वा तिला म्हणायची. तिच्या तोंडावर. आत्या ऐकून घ्यायची आणि परड्यात निघून जायची.

परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथं आत्याची बाग होती. मोगरा, अबोली, जास्वंद, एक बेल, एक लिंबू. दुष्काळाचं साल. गल्लीतली झाडं वाळून गेली होती, पण आमच्या आडाला थोडं पाणी होतं. आत्या ते रहाटानं शेंदायची आणि एकेका आळ्यात घालायची. रहाट कुरकुरायचा. त्या आवाजावर आमची दुपार कळायची.

बागेनंतर तिला दुसरी माया होती ती तिच्या इष्टलिंगाची. आमच्यात ते सगळ्यांच्याच गळ्यात असतं, पण आत्याचं फार कडक होतं. सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. तापानं फणफणली असली तरी नाही. पूजा झाली की लिंग चांदीच्या डबीत आणि डबी दोऱ्यानं गळ्यात. झोपतानासुद्धा काढायची नाही.

त्या मे महिन्यात दुधनीला चन्नवीरमामाचं लग्न होतं. आत्याला न्यायचं नाही, असं अव्वानं आधीच ठरवलं होतं. विधवा बाई लग्नघरात कशाला? अप्पांना मात्र ती म्हणाली, "झाडास्नी पाणी कोण घालणार?"

अप्पांना ते पटलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी मोगऱ्याच्या सगळ्या कळ्या तोडल्या. मला गजरा माळून आगगाडीत बसायचं होतं. आत्यानं मला धरलं, ओंजळीतल्या कळ्या काढून घेतल्या आणि शेजारच्या नागव्वासमोर माझ्या गालफडात लगावली.

"देवाच्या आदी तुझ्या डोक्यात व्हय गं?"

मार लागला नाही. अपमान लागला. मी तशीच होते. अजूनही तशीच आहे.

जेवणं झाल्यावर आत्या माजघरात फरशीवर आडवी झाली. उन्हाळ्यात तिला गाढ झोप लागायची. मी अव्वाच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली.

तिच्या गळ्यातला दोरा कापला.

डबी परकराच्या नेफ्यात खोचली.

तिला घाबरवायचं आणि परत द्यायचं, एवढंच मनात होतं. पण टांगा वेळेआधी आला. अव्वानं मनगट धरून मला टांग्यात कोंबलं आणि अप्पांना म्हणाली, "तिला उठवू नगा. दारात रडत बसंल."

अप्पांनी उंबऱ्यातूनच हाक दिली. "काशम्मा, येतो गं. झाडास्नी पाणी घाल."

आतून झोपेतला आवाज आला.

"व्हय."

तेवढाच. त्यानंतर तिचा आवाज आम्ही कुणी ऐकला नाही.

गाडीत खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. डबी पोटाला टोचत होती. पुढचं स्टेशन होटगी, ते येईपर्यंत सांगता आलं असतं. अप्पांनी तिथंच उतरून परत फिरवलं असतं आणि मला फोडून काढलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहवेना. मामाच्या घरी अव्वा तांदूळ निवडत होती. मी डबी तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिनं आधी दार लोटून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"न्हाई."

"मग बोलू बी नगंस. तुझ्या अप्पाला कळलं तर आत्ताच्या गाडीनं माघारी जाईल. माझ्या भावाचं लगीन हाय."

"पण अव्वा, आत्या पाणी..."

"पिईल की. तान लागल्यावर कोण थांबतंय? एकदा पिली म्हंजी मोडंल तिचा ताठा."

डबी ट्रंकेच्या तळाशी गेली. मग तिनं मला आमरस वाढला. मी दोन वाट्या खाल्ल्या. हे मुद्दाम सांगते, कारण मी फार रडले असं कुणाला वाटायला नको.

दुधनी ते सोलापूर गाडीनं दोन तास.

आम्ही नऊ दिवस राहिलो.

परतलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. घरात आवाज नाही, हालचाल नाही.

आणि मग...

रहाट कुरकुरला.

अप्पा हसले. "बघ. ह्या उन्हात बी पाणी शेंदतीया."

आम्ही बोळातून थेट परड्यात गेलो.

आडावर कुणी नव्हतं.

दोर हलत होता. बादलीतून पाणी गळत होतं. एकूण एक आळं काठोकाठ भरलेलं, पाणी अजून मुरत होतं. मोगरा तर नुसता फुलांनी लगडला होता. तितका बहर मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"काशम्मा," अप्पांनी हाक मारली.

तेव्हा माजघरातून वास आला.

आत्या भिंतीला टेकून बसलेली होती. मांडी घातलेली. डावा तळहात उघडा, मांडीवर. शेजारी पाण्यानं भरलेला माठ. माठावर झाकण, झाकणावर पालथा तांब्या, तांब्यावर नऊ दिवसांची धूळ.

डॉक्टर म्हणाले, मरून पाच दिवस तरी झाले असतील.

"पाच दिस?" नागव्वा दारातच खाली बसली. "आवो, काल दुपारी बी पाणी शेंदत व्हती. मी हाक मारली. वळून बघितलं न्हाई."

मग तिनं आणखी एक सांगितलं. आम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या तिच्याकडं गेली होती. ओठ फुटलेले. परड्यात कुणी आलं होतं का, एवढंच विचारलं. नागव्वानं ताक पुढं केलं, ते घेतलं नाही. लिंग हरवलं हे ती बोललीच नाही. तिच्यासारख्या कडक बाईला त्यापेक्षा मरण बरं. लिंग गेलं की पूजा नाही, पूजा नाही की पाणी नाही. ती घरी आली, स्वतः तहानेली राहिली, आणि भावानं सांगितलं होतं म्हणून झाडांना पाणी घालत राहिली.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. डाव्या तळहातावर त्या माणसाचं लिंग ठेवतात, मग माती लोटतात. संध्याकाळी खड्ड्याजवळ अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम पुरोहितांनी विचारलं, "लिंग कुटं हाय?"

अप्पा घरी धावले. कपाटं उपसली, अंथरुणं झटकली, वेड्यासारखी आळ्यांतली माती उकरली. ट्रंक उघडली नाही. ती तर आमच्याबरोबर दुधनीला होती, तिच्यात काय असणार?

अव्वा पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडत होती.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी गप्प बसले.

शेवटी अय्यांनी आत्याच्या हातावर विभूतीचा गोळा ठेवला आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं डबी आडात टाकली. बुडुक असा आवाज आला. "मिटलं," ती म्हणाली.

त्याच दुपारी...

रहाट कुरकुरला.

अप्पा दुकानात होते. अव्वा आणि मी माजघरात होतो. आम्ही दोघी उठलो नाही. बादली खाली गेली, वर आली, ओतली. पुन्हा खाली गेली. तासभर. मग थांबलं. जाऊन बघितलं तर आळी भरलेली आणि आडातलं पाणी हातभर उतरलेलं.

रोज तेच. झाडांना इतकं पाणी झालं की अबोली सडली. अप्पांना वाटलं, शेजारचं कोणीतरी चोरून शेंदतंय. पण कशासाठी शेंदणं चाललंय, हे आम्हा दोघींना कळत होतं. तिला पाणी नको होतं. तिला तळ हवा होता.

"अव्वा, अप्पांना सांगू या," मी म्हणाले.

"तोंड उघडलंस तर जिती ठेवणार न्हाई."

अकराव्या दुपारी बादली दगडावर आपटली. आड आटला. मग खालून वेगळाच आवाज येऊ लागला...

चिखलात हात फिरवल्याचा.

बराच वेळ. मग एकदम शांतता. त्यानंतर आमचा रहाट कधी आपोआप वाजला नाही.

अव्वानं आरसा घेतला, आडाच्या काठावर उभी राहिली आणि उन्हाचा कवडसा आत सोडला. मीही वाकून बघितलं. तळाशी नुसता गाळ. गाळात बोटांच्या रेघा.

डबी नव्हती.

अव्वा घरात आली. चेहरा पांढरा पडलेला. "पाणी दे," म्हणाली.

मी माठातून तांब्या भरला. तिनं ओठाला लावला आणि माझ्यावर डाफरली. "रिकामा काय देतीस?"

मी भरला होता. पुन्हा भरला. काठोकाठ, मी स्वतः बघितलं. ओठाला लागला...

आणि रिकामा.

हनुवटीवर थेंब नाही, पदर कोरडा. बाहेर मोगऱ्याच्या आळ्यात मात्र घटघट आवाज झाला, कोणीतरी पाणी ओतावं तसा. खिडकीतून दिसलं, तिथली माती काळी पडत चालली होती.

अप्पांनी स्वतःच्या हातानं पाजून बघितलं. चमच्यानं बघितलं. ओला फडका ओठावर धरला, तोही वाळून कडक झाला. डॉक्टर आले. ऊन लागलंय म्हणाले. पाणी पाजत राहा म्हणाले.

दुसऱ्या दुपारपर्यंत अव्वाचे ओठ फुटले. जीभ सुजली. अप्पा पुन्हा डॉक्टरांकडं धावले. मी एकटी तिच्याजवळ बसले होते, हातात भरलेला तांब्या. आई मरणार आणि ती माझ्यामुळं मरणार, एवढंच डोक्यात होतं.

अचानक मोगऱ्याचा वास आला. फार जवळून.

अव्वाची नजर परड्याच्या दाराकडं वळली. मला तिथं काही दिसलं नाही. पण उंबऱ्याच्या आत, कोरड्या फरशीवर...

ओलं पाऊल उमटलं.

मग दुसरं.

तिसरं उमटलं नाही. जे कोणी होतं ते थांबलं होतं.

अव्वानं हात जोडले. मला वाटलं, आता माफी मागेल. मीही हात जोडणार होते. तेवढ्यात तिनं एक हात उचलला आणि माझ्याकडं बोट केलं.

"मी न्हाई, वन्सं." जन्मात तिनं आत्याला वन्सं म्हटलं नव्हतं. "हिनं कापला दोरा. हिला बगा."

मग ती दाराकडं बघत राहिली. कुणाचं तरी बोलणं ऐकावं तसा तिनं कान दिला. मान हलवली. व्हय म्हणाली.

पावलं वाळली.

अव्वानं माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि प्याली. घशाची हालचाल दिसत होती. तांब्या संपला तशी आणखी मागितलं. मी आणून दिलं.

अप्पा डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा ती उठून बसली होती.

त्या दिवसापासून तिनं माझं अंथरूण माजघरातून सोप्यात हलवलं. पुन्हा कधी मला जवळ घेऊन झोपली नाही. सोळाव्या वर्षी माझं लग्न करून दिलं, नातेपुत्याला, लांब. माझ्या घरी ती बाळंतपणालासुद्धा राहिली नाही. आली की ताटावरून उठून लगेच एसटी गाठायची.

अप्पा काही न कळता गेले. अव्वा गेल्या वर्षी गेली, चांगली पिकून. मी तिला किती वेळा विचारलं असेल. आत्या काय म्हणाली? तू कशाला व्हय म्हणालीस?

तिनं सांगितलं नाही. मी पाया पडले की आशीर्वाद द्यायची, आणि नजर माझ्या लेकीकडं जायची. मग ती मान फिरवायची.

मला आजवर काही झालेलं नाही. ठणठणीत आहे.

लेक आता पुण्याला असते. मी तिला रोज दुपारी फोन करते. जेवलीस का, हे विचारत नाही. पाणी प्यालीस का, एवढंच विचारते.

ती हसते.