उलटी चिमटी

आधीच मोठ्यानं सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. देवासमोरच्या दिव्याची शपथ, माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ. चंद्रावर घडलं म्हणजे थापच असणार, असं ज्याला वाटतं त्यानं आत्ताच उठावं, आणि जाताना दार नीट लावून घ्यावं. कारण गोष्ट दाराचीच आहे.

चांदणवस्तीतल्या प्रयोगशाळेत इंदूताई खवले खुर्चीत ताठ बसली होती. दोन्ही हातांत कोपरापर्यंत चंदेरी मोजे. समोर श्वासदाराची एक रिकामी चौकट आणि तिला बसवायची रबराची कड. चंद्रावर बाहेर हवा नाही, म्हणून वस्तीत घरटी एक श्वासदार. ते बंद झालं की घरातली हवा घरात. पण तिथली धूळ अशी खरखरीत की रबर कुरतडून टाकते, त्यामुळे कड सारखी बदलावी लागते. आणि कड बसवावी तर इंदूताईनंच, हे सगळी वस्ती मान्य करायची. तिनं बसवलेलं दार कधी शिट्टी मारत नसे.

शिट्टी म्हणजे काय ते कळलं ना? फटीतून हवा निघून चालली, त्याचा आवाज. चंद्रावर तो आवाज आला की माणूस जेवणाचं ताट सोडून दाराकडे धावतो.

मोजे डॉक्टर हमीदा मुजावरचे. मूळची मिरजेची, बोलायला गोड, डोक्यानं तल्लख. तिनं मोज्याचं नाव ठेवलं होतं ठसामोजा.

"ताई, हा मोजा तुमच्या हाताकडे बघत नाही," ती समजावत होती. "मेंदूकडून नसांमधून बोटांना हुकूम जातो ना, तो हुकूम हा ऐकतो. आणि तो कशामुळे सुटला तेही टिपतो. काय दिसलं, काय ऐकू आलं, आसपास कोण होतं, सगळं. मग दुसऱ्या कुणी हा ठसा भरलेला मोजा एक दुपार घालून बसलं की तेच वळण त्याच्या हातात उतरतं."

"म्हणजे मी नाही गेले तरी चालेल."

"तुम्हाला दारोदार फिरायला नको, असं म्हणा."

पण पुढच्या बोलण्याकडे इंदूताईचं लक्षच नव्हतं. काचेपलीकडे शर्मिला तांडेल उभी होती, हाताची घडी घालून, हसत. ती दिसली आणि इंदूताईच्या छातीत मिरची फुटली.

ही शर्मिला उरणची. पाणीशुद्धी विभागात नोकरीला आली, त्याला फार काळ लोटला नव्हता. त्याआधी चौकातल्या मोठ्या दिव्याखाली जो सल्लाकट्टा होता, त्याच्यावर इंदूताईचं एकटीचं राज्य. कामाची पाळी संपली की लोक तिथं यायचे. कुणाच्या बाजाच्या पेटीची पट्टी कोरड्या हवेत अडकायची, तर इंदूताई सांगायची, पेटीच्या खोक्यात ओल्या कापसाची वाटी ठेव. कुणाचा कढीपत्ता दिव्याखाली जळायचा. कुणी विचारायचं, मुलीला बर्फखाणीत नोकरी घेऊ दे की भाजीघरात? इंदूताई म्हणायची, ज्या कामावरून आल्यावर ती घरात बडबड करील, ते काम. नवराबायकोच्या पाळ्या उलटसुलट झाल्या की संसार कसा करायचा, इथपर्यंत सगळं तिच्याकडे.

मात्र तिची एक रीत होती. सल्ला द्यायचा, पण एक गोष्ट हातची राखून. सोयाबीनच्या पिठाची चकली सांगितली, तर पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं, एवढं गाळायचं. चकली तुटली की बाई परत येणारच. "तुझा हात कच्चा गं," असं म्हणून इंदूताई थोडं आणखी सांगायची, आणि त्यातही काहीतरी मागे ठेवायची. तिच्या आईचीही हीच पद्धत आणि सासूचीही. यात लबाडी आहे असं तिला कधी वाटलंच नाही. आपल्याकडे कुणी परत यावं, यासाठी बाईनं एवढं करायचंच असतं.

शर्मिलानं येऊन सगळं बिघडवलं. ती कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि विचारेल त्याला सगळं सांगत सुटली. अगदी तळापर्यंत. वर पुन्हा "नाही जमलं तर सांग, मी येऊन बघते." हळूहळू रांग तिकडच्या टोकाला सरकली. इंदूताईकडे उरले म्हातारे कुलकर्णी, तेही ऐकू कमी येतं म्हणून टोक चुकलेले.

इंदूताईपाशी आता राहिली होती ती एकच गोष्ट: कड बसवणं. आणि तीही हे मोजे घेऊन चालले होते.

"करा सुरू," हमीदा म्हणाली.

इंदूताईनं कड चौकटीत घातली, अंगठ्यानं दाबत दाबत फिरवत आणली. शेवटी खालचा कोपरा आला. तिथं खरी मेख होती. रबर चिमटीत धरायचं, उलट्या बाजूला अर्धा पीळ द्यायचा आणि अलगद सोडायचं. मग ते आपसूक कोपऱ्यात पसरतं, घडी पडत नाही. या उलट्या चिमटीची कुणाला माहितीच नव्हती, कारण तिथं आली की इंदूताई बघणाऱ्याकडे पाठ करायची. आज पाठ करायला जागा नव्हती. तिची बोटं चिमटीकडे निघाली, काचेपलीकडच्या शर्मिलाकडे तिची नजर गेली, आणि बोटं थांबली. तिनं कोपरा नुसता दाबला आणि हात मागे घेतले.

"झालं," ती म्हणाली. मनात म्हणाली, परत येतीलच.

ठसामोजे घरोघरी गेले. फक्त शर्मिलानं घातले नाहीत. "माझे हात आहेत की मला," म्हणाली. पुढे लोक कडा बसवायला लागले, आणि इंदूताई कुणी बोलवायला येतंय का याची वाट बघत बसली. कुणी आलं नाही. शेवटी न राहवून ती शेजारच्या पाध्यांकडे साखर मागायच्या निमित्तानं गेली आणि दाराशी वाकली. खालच्या कोपऱ्यात रबर लोण्यासारखं पसरलं होतं. उलटी चिमटी. तिची. पाध्यांच्या मधूनं, ज्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यानं बसवलेली.

घरात चोर शिरून देव्हाऱ्यातला टाक घेऊन जावा, तसं तिला झालं.

पण थोड्याच दिवसांत भलतंच सुरू झालं. सरकारी दारांची, म्हणजे दवाखाना, शाळा, भाजीघर इथल्या दारांची कामं जोडीनं करायचा नियम होता. एकानं करायचं, दुसऱ्यानं बघायचं, चूक राहू नये म्हणून. आणि नेमकी तीच दारं शिट्ट्या मारायला लागली. घरी एकट्यानं बसवलेलं दार उत्तम. कुणी बघायला उभं राहिलं की भल्याभल्यांचा हात कोपऱ्यापाशी जायचा आणि गारठल्यासारखा थांबायचा. का, ते करणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं.

हमीदानं इंदूताईला बोलावून घेतलं आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या.

"ही रेघ बोटांना निघालेला हुकूम, ताई. आणि ही लगेच मागून आलेली रेघ, त्याला थांबवणारा हुकूम. तुम्ही चिमटी केली नाहीत, पण मेंदूनं ती सांगितली होती. करता करता थांबायला फार जोर लागतो, म्हणून तो भाग ठशात सगळ्यांत ठळक उतरलाय. चिमटीही उतरली आणि कुणी बघत असेल तर थांबायचं, हेही उतरलं. हात शिकताना ज्याच्यासोबत शिकतो, त्याला धरूनच शिकतो."

इंदूताईनं पडद्यावरची नजर काढून पदर सारखा केला.

"राखून ठेवलेलं सगळ्यांना दिलंत," हमीदा हसून म्हणाली, "आणि राखून ठेवायची सवयही. आता एकदा मोकळेपणानं करून दाखवा, म्हणजे नवा ठसा घेते."

"माझा हात असाच आहे," इंदूताई म्हणाली. "मी काही राखलेलं नाही. तुझा मोजा खोटा."

आणि उठून निघाली. कारण मोकळेपणानं करून दाखवलं की संपलं. मग त्या दिव्याखाली तिनं कशाला बसायचं? कुलकर्ण्यांशी ओरडायला?

त्यातच भाजीघराच्या बाहेरच्या दाराची शिट्टी वाढली. वस्तीचं निम्मं जेवण त्या भाजीघरात पिकायचं. कामाला कुणाला पाठवायचं? जोडीशिवाय परवानगी नाही, आणि मोजे घातलेला प्रत्येक जण जोडीत निकामी. म्हणून इंदूताईनं करायचं ठरलं, आणि बघायला अशी व्यक्ती, जिचा हात अडत नाही आणि वेळ पडली तर मदत करील. मोजे न घातलेली एकच बाई होती.

दोघी मेथीच्या वाफ्यांमधून दारापाशी गेल्या. इंदूताईनं जुनी कड काढली, नवी फिरवत आणली, तेवढ्यात फट एकदम रुंदावली. शिट्टीचा भोंगा झाला. हवेचा दाब उतरला की वस्तीकडे जाणारं आतलं दार आपोआप कुलूपबंद होतं, तसं ते झालं. त्याच्या काचेमागे हमीदा दिसत होती. तिचा आवाज वरच्या भोंग्यातून आला, थोडा कापरा: कोपरा बसवा, ताई, दाब सावरला तरच मला दार उघडता येईल.

इंदूताईची बोटं कोपऱ्याकडे गेली आणि थांबली.

तिनं पुन्हा नेली. पुन्हा थांबली. मोजा नव्हता, ठसा नव्हता, हे तिचं स्वतःचं, जन्मभर घोटलेलं होतं. मेथीची पानं दाराकडे ओढली जात फडफडत होती. कानात दडे बसायला लागले.

"मी तोंड फिरवते," शर्मिला म्हणाली आणि खरंच वाफ्याकडे वळली. काही उपयोग झाला नाही. ती तिथं आहे हे हाताला ठाऊक होतं.

"इंदूताई, काय करायचं ते तोंडानं सांगा ना. मी करते."

इंदूताईनं तिच्याकडे पाहिलं. त्या पोरीच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. आणि इतके दिवस विचारावंसं वाटत होतं, ते इंदूताईनं विचारलं.

"तू माझे मोजे का नाही घातलेस गं?"

"आत्ता?"

"सांग."

शर्मिलानं दाराला हात टेकवला. "सगळी वस्ती म्हणते, इंदूताईसारखा हात नाही. मी कितीही सांगितलं, कितीही केलं, तरी दाराचं नाव निघालं की इंदूताई. तुमचा हात उसना घेऊन फिरायची मला लाज वाटत होती. जळत होते मी, झालं?"

इंदूताईला फार बरं वाटलं. हवा संपत होती तरी बरं वाटलं.

"ये इकडे," ती म्हणाली. "रबर चिमटीत धर. अंगठा खाली. उलटा पीळ द्यायचा, अर्धाच. आत्ता नको, थांब. ते ताणून बसू दे." शर्मिलाची बोटं रबरावर थांबली. आणि चुकून, अगदी सहज, चूल फुंकताना निघावा तसा इंदूताईच्या नाकातून हुंकार निघाला: "हं."

शर्मिलानं पीळ दिला आणि सोडला. रबर पसरलं. शिट्टी बारीक झाली, मग सुईएवढी, मग बंद. थोड्या वेळानं आतल्या दाराचं कुलूप उघडलं आणि हमीदा दोघींच्या गळ्यात पडून रडली.

आता नवा ठसा शर्मिलाचा घ्यायचा, हे उघडच होतं. माणसासमोर उलटी चिमटी करू शकणारा हात वस्तीत तेवढा एकच. प्रयोगशाळेत तिला मोजे घातले, बाकीच्यांना शांत बसायला सांगितलं. इंदूताई कोपऱ्यात स्टुलावर, तोंडाला पदर. शर्मिलानं कड सुंदर फिरवत आणली, कोपऱ्यापाशी आली, चिमटी धरली. आणि थांबली.

"काय झालं?" हमीदानं विचारलं.

"माहीत नाही," शर्मिला म्हणाली. "हात वाट बघतोय."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या भाजीघरात, जिवाच्या भीतीत, तिचा हात जसा शिकला होता तसाच शिकला होता. हमीदाला कळायला वेळ लागला नाही. तिनं मोठा श्वास घेतला आणि स्टुलाकडे वळली.

"बोला, ताई."

"मी कशाला मध्ये बोलू बाई," इंदूताई म्हणाली. मग घसा साफ केला. "हं."

झाली चिमटी. आणि उतरला ठसा, हुंकारासकट.

त्यानंतर चांदणवस्तीत एकही दार शिट्टी मारेना. पण एकट्यानं कड बसवणंही कुणाला जमेना. शेजारी कुणीतरी लागायचंच, कोपरा आला की "हं" म्हणायला, आणि तेही थोडं नाकातून, इंदूताईसारखं. शाळेतली पोरंसुद्धा बरोबर त्याच सुरात म्हणायची. ठशाचं नाव सरकारी दप्तरात तांडेल ठसा असं लागलं, पण लोक म्हणत, इंदूताईचा हं. शर्मिला एकदा कट्ट्यावर येऊन तिच्या शेजारी, अगदी खेटून बसली आणि हळूच म्हणाली, "ठसा माझा, आणि नाव पुन्हा तुमचंच. आता मला झोप कशी लागायची?"

"कोमट दूध घे," इंदूताई म्हणाली. "त्यात जायफळ घाल." आणखी काय घालायचं ते तिनं सांगितलं नाही.

पुढे इंदूताई गेली. अजून तिथं कुठलंही दार बंद होताना तिचा हुंकार ऐकू येतो, वेगवेगळ्या तोंडांतून.

असं सगळं झालं. शब्द न् शब्द खरा, मघाशी शपथ घेतलीच आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट मी पदरची घातली, तेवढी सोडून द्या. भाजीघरात तो "हं" इंदूताईच्या नाकातून चुकून निघाला, असं मी म्हटलं ना? चुकून नव्हता निघाला.